शातो गायार: संडासावर फोडलेलं खापर

गडकिल्ल्यांच्या गप्पांत युरोपचा विषय निघाला की कुणीतरी शातो गायारचं नाव काढतं, आणि लगेच दुसरा म्हणतो, अरे तो संडासातून घुसून घेतलेला किल्ला ना! झालं, सगळे हसतात आणि विषय संपतो. मला ही गोष्ट कायम खटकत आलीये. कारण ११९६ ते ११९८ या दोनेक वर्षांत उभा राहिलेला, त्या काळचे सुमारे १२,००० पौंड गिळलेला आणि त्या शतकातला युरोपमधला बहुतेक सगळ्यात विचारपूर्वक बांधलेला किल्ला बांधून सहा वर्षं होतात न होतात तोच पडतो, आणि कारण काय तर म्हणे संडास. म्हणून म्हटलं हे प्रकरण एकदा नीट मांडू, जागा कशी होती, बांधलं काय, कुठं चुकलं, कुणाचं चुकलं. माझं मत आधीच सांगून टाकतो, किल्ला ज्या रात्री गेला त्या रात्री शत्रूचा एकही माणूस तटाला हात लावायला आला नव्हता. तो गेला खाली नदीवर, पडायच्या सहा महिने आधी.

जागा आधी समजून घ्या. पॅरिसहून सेन नदी वायव्येला वाहत जाते, वाटेत भलीमोठी वळणं घेत रूआं शहरापाशी येते आणि पुढे समुद्राला मिळते. रूआं म्हणजे नॉर्मंडीची राजधानी, आणि नॉर्मंडी तेव्हा होती इंग्लंडच्या राजाकडे. पॅरिस फ्रान्सच्या राजाकडे. म्हणजे एकाच नदीवर दोन वैरी, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. मधे वेक्सँ नावाचा पट्टा, ज्यावरून दोघांची कायम जुंपलेली. या मधल्या भागात लेझ आंदली गावापाशी नदीच्या काठावर पांढऱ्या चुनखडीचा कडा उभा आहे, पाण्यापासून साधारण ९० मीटर उंच. तीन बाजूंनी उतार असा की चढायचं नावच नको. चौथी बाजू मात्र, म्हणजे आग्नेयेची, मागच्या पठाराला एका अरुंद सोंडेनं जोडलेली. आपल्याकडे डोंगरी किल्ला बघायची सवय असलेला माणूस नकाशा बघून पहिलं बोट त्या सोंडेवरच ठेवेल. किल्ला बांधणाऱ्या रिचर्डनंही, म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडच्या राजानं, तेच केलं असणार, कारण किल्ल्याची सगळी रचना त्या सोंडेकडे तोंड करून आहे.

आता हा रिचर्ड म्हणजे रिचर्ड द लायनहार्ट, तिसऱ्या क्रुसेडवाला, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या तिसऱ्या धर्मयुद्धातला. परत येताना ११९२ च्या डिसेंबरात तो व्हिएन्नाजवळ पकडला गेला, ऑस्ट्रियाच्या ड्यूकनं त्याला डांबलं, मग जर्मन सम्राटाकडे सोपवलं, आणि सुटकेसाठी दीड लाख मार्क मागितले. सुटायला ११९४ उजाडलं. तोपर्यंत इकडे फ्रान्सच्या फिलिपनं, यालाच पुढे फिलिप ऑगस्टस म्हणायला लागले, जिझोरचा मोक्याचा किल्ला घेऊन टाकला होता, म्हणजे वेक्सँची किल्लीच गेली. रिचर्ड सुटून आल्यावर पिसाळल्यासारखा लढला, बरंच परत मिळवलं, आणि ११९६ च्या जानेवारीत दोघांत तह झाला. त्या तहात एक कलम असं की आंदलीच्या जागेवर कुणीही तटबंदी करायची नाही. आणि रिचर्डनं त्याच वर्षी तिथंच काम सुरू केलं, काय बोलायचं आता!

बरं जागा त्याची नव्हतीच. आंदलीची जहागीर रूआंच्या आर्चबिशपची, वॉल्टर त्याचं नाव. नदीवरच्या जकातीचं चांगलं उत्पन्न असल्यामुळे तो विकायला तयार होईना. रिचर्डनं सरळ ताबा घेतला. आर्चबिशपनं मग सगळ्या नॉर्मंडीवर धर्मबंदी लावली, म्हणजे चर्चमध्ये प्रार्थना बंद, प्रेतांना दफन नाही, रस्त्यात प्रेतं पडून राहिल्याचं तेव्हाच्या बखरकारांनी लिहून ठेवलंय. प्रकरण रोमला पोपपर्यंत गेलं. ११९७ मध्ये तोडगा निघाला, आंदलीच्या बदल्यात आर्चबिशपला दिएप बंदर आणि आणखी काही मालमत्ता. सौदा आर्चबिशपच्याच फायद्याचा झाला असं माझं मत, पण रिचर्डला त्याची फिकीर नसावी. काम एक दिवस थांबलं नव्हतं. एका बखरीत तर असंही आहे की बांधकाम चालू असताना रक्ताचा पाऊस पडला, बाकीचे घाबरले, राजा ढिम्म.

पैशाचा आवाका कळावा म्हणून सांगतो. रिचर्डनं आपल्या दहा वर्षांच्या कारकिर्दीत इंग्लंडमधल्या झाडून सगळ्या किल्ल्यांवर मिळून साधारण ७,००० पौंड खर्च केले. इथे एका जागी दोन वर्षांत १२,०००. नॉर्मंडीच्या खजिन्याचे हिशोब शिल्लक आहेत म्हणून हे कळतं, त्यात खडक फोडणारे, चुना भाजणारे, सुतार, गाडीवान, पाणक्ये, पहारेकरी सगळ्यांची मजुरी लावलेली आहे. गंमत म्हणजे मुख्य स्थपती म्हणून कुणाचंच नाव नाही. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की आराखडा स्वतः रिचर्डचाच असावा. सारखा तिथं येऊन राहायचा म्हणतात, त्यामुळे पटण्यासारखं आहे.

आणि १२,००० पौंड फक्त कड्यावरच्या किल्ल्याचे नाहीत, इथेच बहुतेक लोक फसतात. खाली नदीकाठी नवं गाव वसवलं, पती आंदली, त्याला तटबंदी. नदीच्या मधोमध बेट होतं, त्यावर छोटा किल्ला. बेटापासून दोन्ही काठांना पूल. आणि वरच्या अंगाला नदीच्या पात्रात लाकडी खांबांच्या रांगा ठोकून पॅरिसकडून येणाऱ्या होड्यांची वाटच बंद केलेली. म्हणजे हा सुटा किल्ला नाही, ही नदीवर मारलेली गाठ आहे. वरचा किल्ला या गाठीवर नजर ठेवणारा पहारेकरी, आणि गाठीमागे राजाची फौज रूआंकडून नदीनं कधीही वर येऊ शकेल अशी सोय. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वरचा किल्ला. माझ्या आवडीचा भाग, जरा रेंगाळतो.

सोंडेकडून यायला लागलात की पहिल्यांदा लागतं त्रिकोणी आवार. टोक बरोबर सोंडेकडे रोखलेलं आणि टोकावर जाडजूड गोल बुरूज, बाजूंनी आणखी बुरूज. हे आवार मुख्य किल्ल्यापासून पूर्ण तुटलेलं, मधे खडकात कोरलेला खोल खंदक आणि त्यावर पूल. म्हणजे शत्रूनं हे घेतलं तरी त्याच्या हातात काय, तर पुढच्या खंदकासमोरची उघडी जागा. आपल्याकडे दरवाज्याच्या पुढ्यात आडवा तट घालून शत्रूला अडकवतात, तोच विचार पण आख्ख्या आवाराच्या मापाचा. मग दुसरं आवार, त्यात राहायची सोय, कोठारं, आणि रिचर्डनंतर राजा झालेल्या जॉननं घातलेली एक इमारत, तिच्याकडे येतोच. आणि या दुसऱ्या आवाराच्या आत, पुन्हा स्वतःच्या खंदकासकट, बालेकिल्ला. तटाच्या आत तट ही कल्पना युरोपात तेव्हा नवीन होती, पूर्वेत क्रुसेडच्या वेळी पाहिलेलं रिचर्डच्या डोक्यात असणार असं म्हणतात.

बालेकिल्ल्याचा तट बघण्यासारखा आहे. सरळ भिंत नाहीच. अर्धगोल फुगवटे एकाला एक चिकटून, करंजीच्या कडेला मुरड घालतात ना तशी आख्खी भिंत मुरडलेली. दिसायला नक्षी वाटते पण हिशोब पक्का आहे. एक तर दगड येऊन आदळला तर सपाट पृष्ठभाग न मिळाल्यामुळे तिरका निसटतो, आणि दुसरं म्हणजे वर उभ्या तिरंदाजाला पायथ्याचा कुठलाच कोपरा आंधळा राहत नाही. चौकोनी बुरुजाच्या कोपऱ्याखाली शत्रू दडून खणत बसतो, ही त्या काळची मोठी डोकेदुखी होती, तिच्यावर हा उपाय.

आणि त्या मुरडलेल्या भिंतीला आतून लागून मुख्य बुरूज. आतून गोल, बाहेरून मात्र शत्रू येईल त्या बाजूला चोचीसारखा टोकदार केलेला, भिंतींची जाडी चारेक मीटर आणि चोचीपाशी त्याहून जास्त. बाहेरच्या अंगाला दगडी आधार आहेत जे खाली निमुळते आणि वर रुंद होत जातात, उलट्या पिरॅमिडसारखे, आणि वर ते कमानींनी जोडलेले होते. कमान आणि भिंत यांच्यामधे फट. त्या फटीतून थेट पायथ्याशी आलेल्या माणसाच्या डोक्यावर दगड सोडायचे. त्याआधी हे काम लाकडी सज्जे लावून करायचे, जे पेटायचे. दगडात केलेली अशी सोय पश्चिम युरोपात फारच आधीची, जवळपास पहिल्या काहींमधली.

रिचर्ड बेहद्द खूष होता. वर्षभराची माझी पोर बघा किती देखणी झालीये, अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात. कागदोपत्री नाव त्यानं दिलेलं खडकावरचा देखणा किल्ला, गायार हे त्यालाच जोडलेलं टोपण विशेषण, आपण रगेल म्हणू ना तसं. फिलिप म्हणे चिडून म्हणाला की भिंती लोखंडाच्या असत्या तरी घेईन, तर यानं उत्तर पाठवलं की लोण्याच्या असत्या तरी राखीन. खरं खोटं देव जाणे, पण दोघांचा स्वभाव बघता शोभतं. आणि मग ६ एप्रिल ११९९ ला शालु नावाच्या एका किरकोळ गढीच्या वेढ्यात खांद्यात घुसलेल्या बाणाची जखम चिघळून रिचर्ड मेला. आपल्या लाडक्या किल्ल्याला वेढा पडलेला त्यानं पाहिलाच नाही.

गादीवर आला धाकटा भाऊ जॉन. जॉनबद्दल चांगलं बोलणारा माणूस शोधावा लागतो. १२०२ मध्ये फिलिपनं कायद्याचा मुद्दा काढून त्याची फ्रान्समधली जहागीर जप्त झाल्याचं जाहीर केलं आणि युद्ध सुरू झालं. जॉनचा पुतण्या आर्थर, जो गादीवर दावा सांगत होता, तो त्याच्या कैदेत असताना १२०३ मध्ये गायब झाला आणि जॉननंच मारला अशी बोंब उठली. नॉर्मंडीचे सरदार एकेक करून सटकायला लागले. त्याच उन्हाळ्यात गायारपासून फार लांब नसलेला व्होद्रय हा किल्ला, चांगला भरलेला, सज्ज, तिथल्या दोन इंग्लिश सरदारांनी लढाईशिवाय फिलिपच्या हातात दिला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. भिंती दोन्हीकडे होत्या, राजा तोच, वर्ष तेच. फरक आत बसलेल्या माणसाचा. गायारवर किल्लेदार होता रॉजर द लेसी, चेस्टरचा, नॉर्मंडीत त्याचं गमावण्यासारखं फार काही नव्हतं आणि फितूर होण्यातला तो नव्हता.

१२०३ च्या ऑगस्टात फिलिप आला आणि त्यानं बरोबर ओळखलं की वर हात घालायचा नाही, आधी खालची गाठ सोडवायची. नदीतल्या खांबांच्या रांगा त्याच्या पोहणाऱ्या माणसांनी वरून बाणदगडांचा मारा होत असताना कुऱ्हाडीनं तोडल्या. मग होड्या आणून एकाला एक जोडून स्वतःचा पूल बांधला, त्यावर लाकडी मनोरे उभे केले, आणि बेटावरच्या किल्ल्याची कोंडी केली.

आता ती रात्र. जॉननं सुटका करायचा प्रयत्न केला, आणि योजना कागदावर उत्तम होती हे मान्य करायला हवं. मोहीम दिली विल्यम मार्शलकडे, त्या काळातला सगळ्यात नावाजलेला सरदार. एक तुकडी जमिनीवरून फिलिपच्या छावणीवर अंधारात तुटून पडणार. त्याच वेळी दुसरी तुकडी सत्तरेक होड्यांतून रूआंकडून नदीनं वर येणार, होड्यांचा पूल तोडणार आणि बेटावर रसद उतरवणार. पूल तुटला की फिलिपची अर्धी फौज एका काठावर, अर्धी दुसऱ्या, मग काय पाहिजे! हे सगळं आपल्याला सांगतो तो फिलिपचाच पुरोहित, गियोम, जो तिथं हजर होता आणि नंतर यावर लांबलचक काव्य लिहून बसला. त्यात जॉनचे तीनशे नाइट, तीन हजार घोडेस्वार, चार हजार पायदळ असे आकडे आहेत, ते जरा फुगवलेले धरून चाला, आपला विजय मोठा दिसायला शत्रू मोठा लागतो.

घोळ असा झाला की होड्यांना प्रवाहाविरुद्ध वल्हवत यायचं होतं आणि पाण्याचा, भरती-ओहोटीचा हिशोब चुकला. जमिनीवरची तुकडी वेळेवर पोचली, छावणीत हाहाकार उडवला, फ्रेंच पुलाकडे पळत सुटले, आणि होड्यांचा पत्ताच नाही. तेवढ्यात फिलिपचे सरदार सावरले, मशाली पेटवल्या, उलटा हल्ला केला आणि मार्शलची माणसं मागे रेटली गेली. मग पहाटे, उजाडल्यावर, होड्या आल्या. तोपर्यंत फ्रेंच पुलावर सज्ज होऊन वाट बघत उभे. काय झालं असेल ते सांगायला नको.

काही तासांचा उशीर, बस्. त्यानंतर लगेचच गोबेर नावाचा एक पट्टीचा पोहणारा डांबरानं तोंड बंद केलेल्या भांड्यांत विस्तव घेऊन पाण्याखालून बेटाच्या मागच्या बाजूला गेला आणि तिथला लाकडी कोट पेटवून दिला. बेट पडलं. पती आंदलीचे लोक घाबरून वरच्या किल्ल्यात पळाले. गाव फिलिपकडे, नदी फिलिपकडे. जॉननं पुन्हा इकडे फौज आणली नाही, ब्रिटनीत जाऊन जाळपोळ केली आणि ५ डिसेंबर १२०३ ला जहाजात बसून इंग्लंडला निघून गेला. किल्लेदाराला त्यानं एक पत्र पाठवलं होतं, जमेल तेवढं निष्ठेनं टिकून राहा, अगदीच नाही जमलं तर माझी अमुक तमुक माणसं सांगतील तसं कर, असा सूर. असं पत्र हातात पडल्यावर वर बसलेल्या माणसाला काय वाटलं असेल?

आता थोडं तत्त्वाचं. किल्ला हा वेळ विकत घेण्यासाठी असतो. आतली शंभर-दीडशे माणसं बाहेरच्या हजारोंना अडवून धरतात ती एवढ्यासाठी की तोवर आपली फौज येईल. फौज येणारच नसेल तर भिंत कितीही जाड असली तरी फक्त तारीख पुढे जाते. गायार या गाठीचा एक पदर होता आणि बाकीचे सगळे पदर सप्टेंबरपर्यंत सुटले होते. संडासावर हसणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं.

फिलिपला घाई नव्हती. त्यानं आख्ख्या कड्याभोवती दुहेरी चर खणून घेतले, एक आतल्यांना बाहेर येऊ न द्यायला आणि एक बाहेरच्यांना मदत आणू न द्यायला, चरांवर लाकडी गढ्या, आणि हिवाळा काढायला झोपड्या. लेसीकडे शिबंदीला वर्षभर पुरेल एवढं धान्य होतं म्हणतात. पण वर आलेले गावकरी चौदाशे ते बावीसशेच्या दरम्यान कितीतरी. हे सगळे खायला लागले तर वर्षाचे महिने होणार.

पुढचा भाग वाचायला जड आहे. लेसीनं म्हातारे, अशक्त असे पाचशे लोक बाहेर काढले, फ्रेंचांनी दया येऊन जाऊ दिलं. काही दिवसांनी आणखी पाचशे, त्यांनाही वाट दिली. फिलिप तेव्हा तिथं नव्हता. त्याला कळल्यावर त्यानं हुकूम काढला की यापुढे एकालाही सोडायचं नाही, आतच खाऊ दे त्यांना. त्यामुळे लेसीनं उरलेले शेकडो बाहेर काढले तेव्हा समोरून बाण आले. मागे वळले तर दरवाजा बंद. किल्ला आणि चर यांच्या मधल्या उतारावर, ऐन हिवाळ्यात, बायकापोरांसकट तीन महिने हे लोक अडकले. गवत खाल्लं, किल्ल्यातून हाकललेली कुत्री खाल्ली. पुरोहित गियोम त्याहूनही भयंकर गोष्टी सांगतो, त्या मी इथे लिहीत नाही. निम्मे तरी मेले. शेवटी फिलिप स्वतः आला तेव्हा त्यांचा आक्रोश ऐकून त्यानं सोडायला आणि जेवण द्यायला सांगितलं. एकानं म्हणे हातातली कुत्र्याची तंगडी सोडायला नकार दिला, पोट भरेपर्यंत देणार नाही म्हणाला. आणि अन्न मिळाल्यावर पुष्कळजण ते न सोसून मेले.

लेसीला दोष द्यायचा का? लष्करी हिशोबानं त्यानं केलं ते त्या काळी सगळेच करायचे. पण त्याच्या नावाची स्तुती वाचताना मला हा उतार आठवतो एवढं खरं. आणि रिचर्डलाही थोडं सुनावतो, नवं गाव वसवलंत, लोकांना बोलावून आणलंत, वेढा पडला तर हे जाणार कुठं याची सोय त्या सुंदर आराखड्यात कुठाय?

१२०४ च्या फेब्रुवारीत हल्ला सुरू झाला, अर्थातच सोंडेवरून. जमीन सपाट करून वाट केली, दगड फेकायची यंत्रं पुढे आणली, टोकाच्या बुरुजासमोरचा खंदक माती-फांद्या टाकून भरायला घेतला. धीर न निघून काहींनी अर्ध्या भरलेल्या खंदकात शिड्या टाकल्या, त्या आखूड पडल्या, तर खंजीर खडकात खुपसून चढले. मग बुरुजाखाली सुरुंग. सुरुंग म्हटलं की आपल्याला दारू आठवते, पण तेव्हा युरोपात दारू नव्हती. पायाखाली पोकळी खणायची, वरचं वजन लाकडी टेकूंवर घ्यायचं, आणि टेकू पेटवून बाहेर पळायचं. टेकू जळले, बुरूज ढासळला. आतल्यांनी आवाराला आग लावली आणि पूल ओलांडून दुसऱ्यात गेले. आराखड्यात असंच ठरलेलं होतं, इथपर्यंत तक्रार नाही.

आता आला आपला संडास. दुसऱ्या आवाराच्या कडेला जॉननं नुकतीच एक इमारत घातली होती, प्रार्थनाघर, खाली कोठार, आणि बाहेर निघणारा शौचकूप. बोजिस नावाचा एक चपट्या नाकाचा शिपाई काही साथीदारांसह भिंतीलगत फिरताना त्याला तिथं आत शिरायला वाट दिसली. कुणी म्हणतं शौचकूपाच्या नळीतून, कुणी म्हणतं प्रार्थनाघराच्या गज नसलेल्या खिडकीतून, आणि अलीकडचे काही अभ्यासक म्हणतात की देवघरातून घुसलो हे लाजिरवाणं वाटून संडासाची गोष्ट पुढे आली असावी. मजा आहे, म्हणजे अब्रू झाकायला संडास! आत गेल्यावर त्यांनी इतका आरडाओरडा केला की शिबंदीला वाटलं मोठी तुकडी घुसली. त्यांना जाळून मारावं म्हणून इमारतीला आग लावली, वारा उलटा, आग आवारभर पसरली, आणि शिबंदीलाच बालेकिल्ल्यात पळावं लागलं. बोजिस तळघरात वाचला आणि त्यानं पूल खाली टाकला. नीट बघा, घुसले मूठभर, आवार गेलं ते स्वतः लावलेल्या आगीनं. आणि वाट मिळाली ती रिचर्डच्या बांधकामात नाही, त्यावर नंतर जोडलेल्या कामात. आपल्या किल्ल्यांवरही तटात शौचकूप आहेत, सिंधुदुर्गला तर सहज दिसतात, सोय ती सोयच, पण ती बाहेरून माणूस चढेल अशा जागी उघडते का हे बघणारा कुणीतरी लागतो.

राहिला बालेकिल्ला. इथली चूक मात्र रिचर्डच्या पदरात घालावी लागते. खंदक कोरताना दरवाज्यासमोर खडकाचाच एक पट्टा न तोडता पूल म्हणून ठेवला होता. उचलता येणारा नाही, पेटवता येणारा नाही. फ्रेंचांनी त्याच्यावर लाकडी फिरतं छप्पर आणलं, ज्याला ते मांजर म्हणायचे, आणि त्याखाली बसून भिंतीच्या बुडाशी खणायला लागले. करंजीच्या मुरडीसारखी ती भिंत दगड निसटवायला होती, तिच्या पायात घुसलेल्या माणसाला ती काय करणार? आतल्यांनी समोरून आपला भुयारी मार्ग खणून त्यांना हाकललं खरं, पण त्यामुळे भिंत दोन्हीकडून पोखरली गेली. मग काबुलुस नावाचं अजस्र दगडफेकी यंत्र लावलं, आणि भिंतीचा तुकडा खाली आला. ६ मार्च १२०४. दीडशेच्या आसपास माणसं उरली होती, त्यांनी शरण यायला नकार दिला आणि लढतानाच पकडली गेली. चार मीटर जाडीचा तो चोचीचा बुरूज, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्यात जाऊन लढायची वेळच आली नाही. लेसीला फिलिपनं मानानं वागवलं, पुढे खंडणी भरून तो सुटला, तिला जॉननंही हातभार लावला, हे एक जॉनच्या खात्यात जमा.

२४ जूनला रूआं शरण गेलं आणि नॉर्मंडी इंग्लंडच्या राजाच्या हातून गेली. गायारचं पुढचं आयुष्य फुटकळ. १३१४ मध्ये व्यभिचाराच्या आरोपावरून राजघराण्यातली सून मार्गरीत इथं कोंडली गेली. स्कॉटलंडचा पोरगेला राजा डेव्हिड १३३४ पासून काही वर्षं आश्रयाला राहिला. शंभर वर्षांच्या युद्धात किल्ला दोनचारदा इकडून तिकडे झाला. १५९९ मध्ये फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीनं तो पाडायला परवानगी दिली, बंडखोरांच्या हातात पडू नये म्हणून, आणि दगड कापुचिन साधूंना मठाच्या कामाला मिळाले. १८६२ ला सरकारी संरक्षण मिळालं तोवर निम्मा गाव त्या दगडांवर उभा असावा.

आज बुरुजाची चोच उभी आहे, वरचा मजला नाही, मुरडलेल्या भिंतीचा बराच भाग आहे. लोक जातात, गाइडला पहिला प्रश्न संडास कुठे होता हाच असणार याची मला खात्री आहे. तिथून खाली बघितलं की नदीचं ते वळण आणि मधलं बेट दिसतं. आणि बालेकिल्ल्याच्या खंदकावर तो खडकाचा पूल अजून आहे, पाडायला आलेल्यांनीही तोडला नाही.